अनारशावरची खसखस आणि जहाजावरची इस्त्री
वाचकांचे प्रश्न : प्रवासाच्या बॅगेत काय भरू नये

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. कुणाची लेक दुबईला, कुणाचा मुलगा सिंगापूरला, कुणी आयुष्यात पहिल्यांदा क्रूझवर निघालेलं. सगळ्यांचा प्रश्न एकच, ‘हे चालतं का?’ त्यावर आमचा उलटा प्रश्न असतो : कुठल्या दारात? ओझरच्या विमानतळावर किंवा मुंबईला बॅग तपासणारे जवान एक बघतात, विमान कंपनी दुसरं बघते आणि उतरल्यावर तिथला कस्टमवाला तिसरंच बघतो. पहिल्या दारातून सुटलेली वस्तू तिसऱ्या दारात अडकली की खरी पंचाईत होते. खालची उत्तरं वाचताना कोणत्या दाराची गोष्ट चालली आहे, तेवढं लक्षात ठेवा.

मुलगी दुबईत असते. तिच्यासाठी चकली, चिवडा, अनारसे, डिंकाचे लाडू आणि घरी कुटलेला मसाला न्यायचा आहे. विमानात अडवतील का?
(गंगापूर रोड)

विमानात फराळ कुणी अडवत नाही. फक्त मसाला आणि लाल तिखट हातातल्या बॅगेत ठेवू नका. मिरचीची पूड डोळ्यांत फेकता येते, म्हणून ती केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. ती मोठ्या बॅगेत, म्हणजे चेक-इनमध्ये टाका.

अडचण दुबईत उतरल्यावर आहे, आणि ती तेलातुपाची नाही, खसखशीची आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. बोंडातला चीक बियांना लागलेला असतो आणि त्यातून मॉर्फिनचा अंश बियांवर राहतो. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबिया या देशांत खसखस आणायलाच बंदी आहे. तिथे तो किराणा नसून अमली पदार्थाचा मामला होतो आणि प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. ‘चमचाभरच आहे’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

आता आपला फराळाचा डबा उघडून बघा. अनारसा थापतानाच पोळपाटावर खसखस पसरतात, तिच्यावर पिठाचा गोळा बोटांनी थापतात आणि खसखशीची बाजू वर ठेवून तो तळतात. म्हणजे डब्यातल्या प्रत्येक अनारशाच्या तोंडावर खसखस दिसते, लपवायची सोयच नाही. डिंकाच्या लाडवात डिंक, खारीक, खोबरं यांच्या जोडीला भाजलेली खसखस असते. करंजीच्या सारणात असते. गोड्या किंवा काळ्या मसाल्यात अनेक घरांत ती भाजून कुटलेली असते, आणि कुटल्यावर ती कुणाला दिसतही नाही. विसरायला होतं ते या मसाल्यालाच.

यातून मार्ग सोपा आहे. दुबईला जाणारा घाणा वेगळा करा. अनारसे तिळावर किंवा बारीक रव्यावर थापा, दिसायलाही बरे दिसतात. लाडू आणि सारण खसखशीशिवाय करा. मसाला वेगळा कुटा, आणि मिक्सरचं भांडं आधी धुऊन कोरडं करून घ्या. विकतचा मसाला नेणार असाल तर पाकिटामागची घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. इंग्रजीत तिथे ‘पॉपी सीड्स’ असं लिहिलेलं असतं.

आणखी एक. निघताना मुलीची ओटी भरली जाते आणि ती ओटी तशीच्या तशी बॅगेत जाते. त्यातली विड्याची पानं काढून ठेवा. पानाचं साहित्य दुबईच्या कस्टमच्या निषिद्ध यादीत आहे. ओटीतल्या नारळाबद्दल पुढे, देवस्थानांच्या उत्तरात.

सिंगापूरला हाच फराळ चालेल का?
(महात्मानगर)

खसखशीला तिथेही परवानगीशिवाय बंदी आहे, त्यामुळे वरचं सगळं लागू. शिवाय च्युइंगम (१९९२ पासून आणायला मनाई), तोंडात धरायची तंबाखू, गुटखा आणि ई-सिगारेट यांतलं काहीही नको. सिगारेटचं एक पाकीट नेलं तरी त्यावर कर भरावा लागतो, तिथे सूट नाही. मुखवासाच्या डबीत गुटख्याची एखादी पुडी राहून गेली आहे का, ते निघायच्या आदल्या रात्री बघा.

दक्षिणेतल्या देवस्थानांना विमानाने जाणार आहोत. कापूर, काडेपेटी, खोबऱ्याच्या वाट्या, नारळ आणि रामकुंडावरचं तीर्थ बरोबर आहे.
(पंचवटी)

या यादीतल्या पहिल्या तीन वस्तू दोन्ही बॅगांतून बाहेर काढा. हातातल्या बॅगेतून काढून मोठीत टाकल्या, असं करू नका.

कापूर साध्या हवेतच उडतो. डबीत ठेवलेली वडी महिन्याभरात झिजते, ते आपण घरी बघतोच. बंद बॅगेत तीच वाफ साठते आणि ती चटकन पेट घेते. हवाई वाहतुकीच्या नियमांत कापूर ज्वलनशील घन पदार्थांत मोडतो. भीमसेनी असो की साधा, फरक नाही. काडेपेटी आणि लायटर भारतात केबिनमध्येही चालत नाहीत आणि चेक-इनमध्येही नाहीत.

सुक्या खोबऱ्याचं नाव मनाईच्या यादीत बघून लोक चकित होतात. खोबऱ्यात तेल भरपूर असतं. ते दमट राहिलं, ढिगात राहिलं, तर हवेशी संयोग होऊन आतल्या आत तापतं, आणि पुरेसं तापलं की बाहेरची ठिणगी न लागता पेटतं. म्हणून अख्ख्या सुक्या खोबऱ्याला आपोआप पेट घेणाऱ्या वस्तूंच्या वर्गात, १३६३ हा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक देऊन टाकलेलं आहे. बॅगेत एक वाटी निघाली तरी एक्स-रेवर ती गोल कडेने ओळखू येते आणि बॅग उघडली जाते. चिवड्यातल्या भाजलेल्या कापांचा यात संबंध नाही.

शेंडीचा पाणीदार नारळ केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. सबरीमलाच्या यात्रेकरूंना त्यांच्या इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ हातात नेता यावा म्हणून २०२४ च्या हंगामात २० जानेवारी २०२५ पर्यंत खास सूट द्यावी लागली होती, यावरून नेहमीचा नियम किती कडक आहे ते कळेल. मोठ्या बॅगेत तो चालतो का, हे विमान कंपनीनुसार बदलतं. आमचं मत विचाराल तर नारळ, कापूर आणि उदबत्ती ज्या देवळात जायचं त्याच्या दारातच घ्यावी.

तीर्थाचा प्रश्न पाण्याचा नसून भांड्याचा आहे. तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा गडू एक्स-रेत आतलं नीट दाखवत नाही, आणि तो उघडायला सांगितला तर तुम्हाला उघडता येत नाही. त्यापेक्षा स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत भरा. बाटली काठोकाठ भरू नका, दोन बोटं जागा सोडा. विमानात हवेचा दाब सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका कमी होतो. आतली हवा फुगते आणि झाकणातून पाणी बाहेर ढकलते. झाकणाला चिकटपट्टी गुंडाळा, दोन पिशव्यांत घाला, मोठ्या बॅगेत उभी ठेवा. परदेशी जात असाल तर हातातल्या बॅगेत एकेक बाटली १०० मिलीच्या आतली हवी, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसल्या पाहिजेत. २०० मिलीच्या बाटलीत ५० मिली तीर्थ उरलंय, हे चालत नाही. तिथे बाटलीवरचा आकडा बघतात. लोणच्याच्या बरणीलाही हेच दोन बोटांचं सूत्र लावा, नाहीतर तेल कपड्यांवर येतं.

त्र्यंबकेश्वरहून पारदलिंग घेऊन जाणाऱ्यांसाठी एक सूचना. पारा अ‍ॅल्युमिनिअमचा वरचा संरक्षक थर फोडून धातू खात जातो आणि विमानाचा बराचसा सांगाडा त्याच धातूचा असतो. मूर्तीतला पारा पक्का बांधला गेला आहे की सुटा राहिला आहे, हे बाहेरून कळत नाही. रेल्वेने न्या.

२०,००० एमएएचची पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवली तर काउंटरवरून परत बोलावलं. का? आणि किती क्षमतेपर्यंत चालते?
(कॉलेज रोड)

बोलावलं ते बरोबरच. लिथियमची सुटी बॅटरी सामानाच्या कप्प्यात कधीच जात नाही, आणि पॉवर बँक ही सुटी बॅटरीच समजली जाते. आतला एक सेल बिघडून तापला की त्याच्या उष्णतेने शेजारचा तापतो आणि साखळी सुरू होते. सामानाच्या कप्प्यातली आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत चाललेली ही साखळी थांबवत नाही. केबिनमध्ये तीच बॅटरी कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि पाणी ओतून थंड करता येते.

मर्यादा एमएएचमध्ये नसते, वॉट-अवरमध्ये असते. गणित असं : एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले हजार. व्होल्ट घ्यायचे सेलचे, म्हणजे ३.७. तुमची बँक २०,००० × ३.७ ÷ १००० = ७४ वॉट-अवर. मर्यादा १०० ची, म्हणजे तुम्ही निर्धास्त. अनेकजण इथे यूएसबीचे ५ व्होल्ट घालतात, उत्तर १०० येतं आणि उगाच घाबरतात. २७,००० एमएएचला ९९.९ येतात, म्हणून बाजारात त्या आकड्याच्या बँका दिसतात. ३०,००० ला १११. १०० ते १६० च्या मधली बँक विमान कंपनीच्या परवानगीने, जास्तीत जास्त दोन. १६० च्या वर प्रवाशाने न्यायचीच नाही.

वस्तू जप्त होण्याचं खरं कारण मात्र बहुतेक वेळा पुसलेला आकडा असतो. खिशात घासून छपाई गेली की तपासणाऱ्याला क्षमता कळत नाही, आणि शंका आली की वस्तू टोपलीत. घरच्या घरी भिंगाने वाचून बघा. वाचता येत नसेल तर नवीन घ्या. पोट फुगलेली बँक तर विमानातच काय, घरातही चार्जिंगला लावू नका.

प्रवासात ती वापरायची की नाही, यावर नियम कडक होत चालले आहेत. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकेवर फोन चार्ज करायला बंदी केली. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच, १०० वॉट-अवरच्या आतली, आणि तीही फक्त बरोबर बाळगायला, असा नियम केला. वरच्या कप्प्यात न ठेवता सीटजवळ ठेवा.

छोट्या विमानाच्या प्रवाशांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. एटीआरसारख्या विमानात वरचे कप्पे अरुंद असतात. सात किलोची ट्रॉली बसत नाही आणि ती विमानाच्या दारात काढून खाली सामानात टाकतात. त्या घाईत पॉवर बँक आत राहून जाते. ती ट्रॉलीच्या बाहेरच्या खणात, एका छोट्या पाऊचमध्ये ठेवा, म्हणजे एका हाताने काढता येईल. ज्या ‘स्मार्ट’ बॅगेची बॅटरी निघतच नाही, ती बॅग सहसा स्वीकारतच नाहीत. विकत घेण्याआधी बॅटरी बाहेर येते का, ते दुकानातच काढून बघा.

दिल्लीच्या नातेवाइकांसाठी नाशिकची वाईन न्यायची आहे. किती बाटल्या? आणि अहमदाबादला न्यायची असेल तर?
(सावरकरनगर)

नियमांत दारूचे तीन भाग आहेत. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल तर घातक वस्तू म्हणून तिच्यावर बंधन नाही. २४ ते ७० टक्के असेल तर माणशी पाच लिटर. ७० च्या वर असेल तर अजिबात नाही. वाईन साधारण १२ ते १४ टक्क्यांची असते, म्हणजे पहिल्या भागात. विमानापुरती तुमची मर्यादा ठरवणार वजन. ७५० मिलीची भरलेली काचेची बाटली सव्वा किलोच्या आसपास, जाड बुडाची स्पार्कलिंग त्याहून जड. सहा बाटल्यांना साडेसात किलो, म्हणजे देशांतर्गत प्रवासात सर्रास मिळणाऱ्या पंधरा किलोंतले निम्मे गेले.

बाटली दुकानातल्या सीलसकट हवी. घरी केलेली वाईन जुन्या बाटलीत भरून नेऊ नका. भरताना प्रत्येक बाटली एका जाड मोज्यात घाला, मग प्लास्टिकच्या पिशवीत, आणि बॅगेच्या मध्यभागी कपड्यांत रोवा. कडेला किंवा चाकांच्या बाजूला ठेवलेली बाटली आपटते. विमानाच्या सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे बूच उडेल ही भीती नको. बूच उडतं ते वाटेत उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत. बिल जवळ ठेवा.

अहमदाबादला नेऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे आणि परमिटशिवाय बाळगणं हाच गुन्हा आहे. ओझरला बॅग सुटली, याचा तिथे काही उपयोग नाही. पाटण्याला जाणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, बिहारमध्ये २०१६ पासून पूर्ण दारूबंदी आहे. अशा ठिकाणी द्राक्षं न्या. दोन किलोची पेटी हातात धरून नेली तर चांगली पोचतात. मोठ्या बॅगेत टाकली तर रस होतो.

मुलाकडे अमेरिकेला चाललो आहोत. इंद्रायणी तांदूळ, मेतकूट, भाजणी, बेदाणे न्यायचे आहेत.
(घोटी)

तांदूळ ठेवून जा. घोटी-इगतपुरीकडच्या माणसाला हे सांगणं जड जातं, पण इलाज नाही. धान्यात खापरा नावाचा किडा होतो. जगभर त्याला आपलंच नाव आहे, ‘खापरा बीटल’. त्याची अळी अन्नाशिवाय वर्षानुवर्षं फटीत पडून राहू शकते आणि एकदा गोदामात शिरली की काढणं महाकठीण. हा किडा ज्या देशांत आहे, त्यात भारत येतो, आणि अशा देशांतून प्रवाशाने तांदूळ आणण्यावर अमेरिकेने बंदी घातलेली आहे. पॉलिश केलेला, निवडलेला, पाकीटबंद असला तरी तांदूळ तो तांदूळच.

मेतकूट आणि भाजणी मोठ्या बॅगेत टाका. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते, आणि समाधान झालं नाही तर ती ठेवून घेतात. ३५० मिली म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा कमी. डब्यावर इंग्रजीत पदार्थाचं नाव आणि ‘भाजलेल्या डाळींचं पीठ’ असा अर्थ लिहून ठेवा. पिवळसर पूड बघून विचारणारच, तेव्हा वाद घालण्यापेक्षा चिठ्ठी बरी. बेदाणे नेता येतात, पण फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याने विचारल्यावर खाद्यपदार्थ आणल्याचं ‘हो’ सांगा. सांगितलेली वस्तू फार तर टाकून देतात. लपवलेली सापडली की दंड होतो.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं दार याहून अरुंद. घरचे पेढे, बर्फी, मध, बियाणं, ताजं फळ यांतलं काही नको. रुद्राक्षाची माळ हेही तिथे बी आहे, ती गळ्यात असली तरी सांगायची. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेलं एक सफरचंद पर्समध्ये सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे. विमानात दिलेलं फळ खाऊन संपवा किंवा सीटवरच ठेवा.

मुंबईहून आणि पुढे सिंगापूरहून अशा दोन क्रूझ ठरवल्या आहेत. घरची इस्त्री, पाणी तापवायची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड घ्यावा म्हणतो. जहाज म्हणजे तरंगतं हॉटेलच ना?
(इंदिरानगर)

तिन्ही वस्तू घरी ठेवा. हॉटेलात आग लागली तर लोक रस्त्यावर येतात. समुद्रात रस्ता नसतो. म्हणून जहाजावरची यादी विमानापेक्षा वेगळी असते, आणि विमानात बिनधास्त चाललेली इस्त्री जहाजाच्या दारात काढून घेतात.

तापणारी कुठलीही वस्तू त्या यादीत असते : इस्त्री, स्टीमर, किटली, पाण्यात सोडायचा रॉड, हॉट प्लेट, छोटा राइस कुकर. मेणबत्ती, वाढदिवसाची असली तरी. उदबत्ती आणि धूप तर नकोच, केबिनमधला धूरसूचक लगेच वाजतो. देवासमोर दिवा हवा असेल तर बॅटरीचा घ्या.

एक्स्टेन्शन बोर्डाचं कारण जरा तांत्रिक आहे, पण समजून घ्या, म्हणजे दुकानदार ‘साहेब, हा सेफ्टीवाला आहे’ म्हणाला तरी फसणार नाही. घरच्या विजेत एक तार फेजची आणि दुसरी न्यूट्रल. न्यूट्रल जमिनीशी जोडलेली असते. बऱ्याच जहाजांवर तशी जोडणी नसते, दोन्ही तारांत दाब असतो. सर्ज प्रोटेक्टर असलेल्या बोर्डात जास्तीची वीज अर्थिंगकडे ढकलणारा एक भाग असतो. जहाजाच्या वायरिंगमध्ये कुठे बिघाड झाला की त्याच भागातून सतत वीज वाहत राहते, तो तापतो आणि बोर्ड वितळतो. बटण बंद केलं तरी एकच तार तुटते, दुसरी जिवंतच. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याबद्दल सुरक्षा सूचना काढली होती. म्हणजे ‘जास्त सुरक्षित’ बोर्ड जहाजावर जास्त धोक्याचा. साधी एक्स्टेन्शनही आता अनेक कंपन्या घेऊ देत नाहीत. त्याऐवजी चार-पाच यूएसबी तोंडांचा, सर्ज प्रोटेक्शन नसलेला चार्जर न्या. केबिनमध्ये सॉकेट एकदोनच असतात, पण फोन, घड्याळ, कॅमेरा सगळं त्यावर भागतं.

सुरकुत्यांसाठी शर्ट आंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये टांगून ठेवा, वाफेने बराच सुटतो. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक मात्र जरूर न्या. ओले कपडे, टोप्या, पिशव्या सगळं भिंतीवर जातं. बॅगेत टाकावी अशी ही एक वस्तू, बाकी उत्तर नकाराचंच आहे म्हणून सांगितली.

खाण्याचं : घरी शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजं चढू देत नाहीत. थेपले, पुरणपोळ्या, डब्यातला चिवडा यांना ‘घरगुती’ म्हणून नकार मिळू शकतो. कारखान्यात सीलबंद केलेली, घटक छापलेली पाकिटं चालतात. जहाजावरचं सफरचंद खिशात टाकून बंदरावर उतरू नका. तिथे पुन्हा वरचंच, दुसऱ्या देशाच्या दाराचं प्रकरण. दारूबाबत काही कंपन्या चढण्याच्या दिवशी माणशी ७५० मिलीची एक वाईनची बाटली, तीही हातातल्या बॅगेत, नेऊ देतात. काही तेवढीही नाही. तिकिटाबरोबर आलेली अटींची पानं वाचा.

बंदरावर मोठी बॅग तुमच्या हातून घेतात आणि ती केबिनच्या दाराशी यायला काही तास लागतात, कधी संध्याकाळ होते. बॅगेत इस्त्री सापडली तर ती येतच नाही, तुम्हाला सुरक्षा कक्षात बोलावतात. वस्तू पावतीवर ठेवून घेतात आणि उतरताना देतात. तोवर औषधं त्याच बॅगेत अडकलेली असली तर रात्रीची गोळी चुकते. पासपोर्ट, औषधं, चष्मा, पोहण्याचे कपडे, एक जोडी बदलायचे कपडे हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

कॅम्पातून घेतलेली लष्करी छापाची पँट क्रूझवर घालता येईल का? क्रूझ कॅरिबियनची आहे.
(देवळाली कॅम्प)

नाही. बार्बाडोस, जमैका, सेंट लुसिया, त्रिनिदाद अशा अनेक बेटांवर सैनिक सोडून कुणीही तो छाप घालू शकत नाही, लहान मुलंसुद्धा. पँट, टोपी, पिशवी सगळं त्यात येतं.

मशीन दुरुस्तीसाठी बंगळूरुला नेहमी जावं लागतं. हत्यारांची पेटी, कॉर्डलेस ड्रिल आणि गंज सोडवायचा स्प्रे कसा न्यावा?
(अंबड एमआयडीसी)

पाने, स्क्रूड्रायव्हर, हातोडी मोठ्या बॅगेत. ड्रिलही तिथेच, पण जादा बॅटऱ्या काढून हातातल्या बॅगेत, आणि प्रत्येकीच्या टोकांवर चिकटपट्टी. टोकं किल्ल्यांना टेकली की शॉर्ट होतात. स्प्रे दोन्हीकडे नाही. अंगाला लावायच्या डिओडरंटला प्रसाधन म्हणून ठरावीक मापापर्यंत सूट आहे, मशीनच्या ज्वलनशील स्प्रेला नाही. तो बंगळूरुतच घ्या आणि ग्राहकाकडे ठेवून या. तेलाचा नमुना न्यायचा असेल तर त्याचं सुरक्षा माहितीपत्रक जोडून विमान कंपनीला आधी दाखवा. पेट्रोलवर चाललेलं इंजिन कितीही पुसलं तरी वास राहतो आणि वास आला की नकार. ट्रेकला लडाखकडे जाणाऱ्यांच्या गॅसच्या डब्यांचंही तेच. अर्धा वापरलेला डबाही नाही, तो लेहला विकत घ्यावा.

मधुमेहाची औषधं आणि गुडघेदुखीच्या गोळ्या घेऊन दुबईला जायचं आहे.
(नाशिकरोड)

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच. सामानाच्या कप्प्यात गारठा होऊ शकतो, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पूर्ववत दिसलं तरी काम करत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असेल तर १०० मिलीचं बंधन औषधांना लावत नाहीत. सुया आणि पेन त्याच पाऊचमध्ये ठेवा.

वेदनाशामक गोळीच्या पाकिटावर ट्रॅमाडॉल किंवा कोडीन हे नाव आहे का बघा. कोडीन काही खोकल्याच्या औषधांतही असतं. अमिरातींत ही नियंत्रित औषधं आहेत आणि त्यासाठी निघण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. गोळ्या पाकिटातून काढून आठवड्याच्या डबीत भरू नका, मूळ पट्टी राहू द्या. चिठ्ठीवर औषधाचं रासायनिक नाव डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या. आपल्या ब्रँडचं नाव तिथे कुणाला कळत नाही.

सुनेने विळी मागवली आहे. न्यायची कशी?
(सिडको)

मोठ्या बॅगेत. पातं दुमडणारी घ्या. पात्याच्या धारेवर जाड पुठ्ठा दुमडून बसवा, वर सुतळीचे चार वेढे, मग जुन्या टॉवेलात गुंडाळा, म्हणजे बॅग उघडून तपासणाऱ्याचा हात कापणार नाही. खवणीच्या दात्यांना वेगळा पुठ्ठा लावा, ते फाटकन बॅगेचं कापड फाडतात. पाट लाकडी असेल आणि सून ऑस्ट्रेलियात असेल तर तोही तिथे जाहीर करावा लागतो. वाळवीचं किंवा किड्याचं एखादं भोक दिसलं तर विळी राहील आणि पाट जाईल. लोखंडी पाटाची घ्या.